खालच्या ओळी कोण वाचणार?

थांबा, तळहातावर आपटू नका मला. बोलतोय मी. टीव्हीचा रिमोट. चित्र दिसलं की कौतुक टीव्हीचं, दिसलं नाही की मार मला, असं आमचं नशीब. त्यामुळे स्वभाव थोडा तिरसट झालाय, सांभाळून घ्या.

जन्म कारखान्यातला. एका बाईने माझ्या पोटात रबराची बटणं बसवली, दुसरीने झाकण लावलं, आणि एकीनेही माझ्याकडे धड पाहिलं नाही. मग खोका, दुकान आणि हे घर. तेव्हा घरात तिघं होती. म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. मुलाने मला खोक्यातून काढलं तशी म्हातारी म्हणाली, "वरचं प्लास्टिक राहू दे रे, मळेल." ते अजून अंगावर आहे. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो.

मुलगा होता तोवर माझी चैन होती. तो मॅच लावायचा आणि मला पोटावर ठेवून घोरायचा. मग तो आजारी पडला आणि गेला. त्याच्याबद्दल जास्त बोलवत नाही मला. पुढे कितीतरी महिने मी शोकेसमध्ये धूळ खात पडलो होतो. घरात दोन बायका आणि बोलणं काय, तर "जेवलीस का?" आणि "दार लावलंत का?" एकमेकींसमोर रडायची चोरी. सून बाथरूमचा नळ सोडून रडायची, म्हातारी कपाटात तोंड घालून.

सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिथल्या मैत्रिणीने तिला कोरियन मालिकेचं खूळ लावून दिलं. एका संध्याकाळी तिने मला पदराने पुसलं, नवे सेल घातले आणि पहिला भाग लावला. कपडे धुऊन इस्त्री करून देणारं एक छोटं दुकान, ते चालवणारी आई आणि तिची मुलगी, अशी गोष्ट.

म्हातारी जरा वेळ लांबून बघत होती. मग म्हणाली, "एक अक्षर कळेल तर शपथ."

"खाली लिहून येतं ना, आई."

"येतं गं. पण मला सापडेपर्यंत पळून जातं."

म्हणून सून वाचून दाखवायला लागली. आईचं बोलणं तीच वाचायची, मुलीचंही तीच, आणि मुलीवर जीव टाकणाऱ्या त्या दोघा पोरांचंही. एकाला मुलगी हवी असते आणि दुसऱ्याला मुलीचं सुख हवं असतं. म्हातारी पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या बाजूची. तो तिला छत्री देऊन स्वतः भिजत गेला, तेव्हा ती मला घट्ट धरून म्हणाली, "ह्याचं काही खरं नाही बघ. चांगुलपणाने मरणार हा."

मी आजवर पुष्कळ मालिका पाहिल्यात. दणादणा ढोल वाजतात, एकाच तोंडावर तीन वेळा कॅमेरा फिरतो आणि तरी माणसं डाळ निवडत बसतात. इथे तसं नव्हतं. इथे एक माणूस दुसऱ्याकडे नुसता बघत उभा राहायचा, कपातला चहा निवेपर्यंत. हाताला हात लागायला चार भाग जायचे. पण त्याच्या मनात काय आहे ते आपल्याला ठाऊक आणि तिला नाही, म्हणून ह्या दोघींचा जीव नुसता टांगणीला. "सांग ना रे बाबा एकदाचं," असं म्हातारी पडद्याला सांगायची. स्वतः मात्र घरात कुणाला काही सांगायची नाही.

तिथे माणसं पोटभर रडायची. मग इकडेही सुरू. म्हातारीची पद्धत ठरलेली होती. आधी मला दाबून चित्र थांबवायचं, मग रडायचं, म्हणजे पुढचं चुकायला नको. सून शेजारी बसून डोळे पुसायची. कुणासाठी रडतोय हे दोघींपैकी एकीलाही विचारावं लागत नव्हतं. माझं पॉजचं बटण झिजून गुळगुळीत झालं ते तेव्हा.

शेवटचा भाग उरला होता. त्या दिवशी सून स्वयंपाकघरात फोनवर हळू आवाजात बोलत होती. लॅबमधली यंत्रं दुरुस्त करायला येणारा एक माणूस होता, शांत, दूरच्या शहरातला. तिने त्याला सांगितलं, "हो, येणार आहे मी. आईंना शेवटचा भाग झाला की सांगते. आत्ता नाही होत."

म्हातारीचे डोळे अधू आहेत, कान नाहीत. ती उठली, मला उचललं आणि आपल्या उशीच्या अभ्र्यात कोंबलं.

हल्लीच्या टीव्हीला बटणं कुठे असतात? संध्याकाळी सून सोफ्याखाली शोधतेय, शोकेसमागे शोधतेय आणि म्हातारी म्हणतेय, "कुठे गेला कोण जाणे. जाऊ दे गं, काय घाई आहे." रोज तेच. नवा रिमोट काही महाग नव्हता, पण सुनेनेही तो आणला नाही. तिलाही तो शेवट लांबवायचा होता, हे मला कळायला वेळ लागला नाही.

मी उशीत गुदमरत होतो. रात्री म्हातारीचं डोकं माझ्यावर असायचं आणि तिला झोप नसायची. एकदा ती अंधारात पुटपुटली, "त्या पोरीचं काय झालं असेल?" दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना पुन्हा तेच. त्या मालिकेने तिला असं धरलं होतं, की शेवट झाला की आपलं घर रिकामं होणार हे माहीत असूनही तिला शेवट सोडवेना. अखेर एका संध्याकाळी तिने मला बाहेर काढून सुनेच्या हातात दिलं.

"उशीतच होता मेला," ती म्हणाली.

"असेल," सून म्हणाली. तिने भाग लावला आणि मला परत सासूच्या हातात दिलं.

शेवटाकडे एक प्रसंग आला. मुलगी उद्या लग्न करून दूर जाणार. मायलेकी दुकानात समोरासमोर बसून एका चादरीची घडी घालतायत. कोपऱ्याला कोपरा लावतायत. कुणी बोलत नव्हतं.

सून वाचू लागली. "आई, मला एक माणूस भेटलाय. चांगला आहे. मला जायचंय त्याच्याबरोबर. कधीपासून सांगायचंय, पण तुम्हाला एकटं सोडून जाते असं तोंडाने म्हणवत नाही."

खाली एकही ओळ नव्हती. मी टीव्हीकडेच तोंड करून होतो, मला दिसत होतं. म्हातारीला अक्षरं दिसत नाहीत, पण मिटलेली तोंडं दिसतात. तिने मला दाबलं. चादर हवेत थांबली.

पडद्याकडेच बघत ती म्हणाली, "ती आई काय म्हणते?"

"अजून काही म्हणाली नाही."

"तिला म्हणावं, माझा मुलगा गेला तेव्हा तू राहिलीस. तेवढं पुष्कळ झालं. आता तू जा." तिने अंगठा माझ्यावरून काढला नाही. "रागावलेली नाही मी. मला खालचं वाचता येत नाही गं, एवढंच."

सुनेने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्या दिवशी पहिल्यांदा दोघी पडद्याकडे न बघता रडल्या.

सून गेली. आता म्हातारी एकटी असते. संध्याकाळी फोन येतो. एका हातात फोन, एका हातात मी. "लाव," असं सून तिकडून म्हणते आणि दोघी एकदमच नवी मालिका सुरू करतात. सून तिकडे वाचते, पण फोनवरून आवाज मागे पडतो. इथे पडद्यावरचा माणूस बोलून दाराबाहेर गेलेला असतो, तेव्हा त्याचं बोलणं येतं. म्हातारी कधी तक्रार करत नाही. ती मला दाबते आणि आवाज येईपर्यंत थांबते.

माझे सेल मात्र संपत आलेत. हल्ली तीनतीनदा दाबावं लागतं आणि तिला वाटतं, आपल्याच अंगठ्यात जोर उरला नाही. सुनेला सांगत नाही, उगीच काळजी करेल म्हणून. आवाज यायच्या आधीच गोष्ट पुढे निघून जाते आणि ती नुसतं "हं, हं," म्हणत राहते.

कुणी ह्या बाजूला आलात तर येताना दोन सेल आणा, बारके. आणि हो, आधी मला आपटून बघू नका.