पिवळा कुत्रा, एका शाईत

माणूस मेल्यावर त्याला एक नदी ओलांडावी लागते, आणि ती पार करून देणारा कुत्रा पिवळाच असावा लागतो. विश्वाच्या या व्यवस्थेत आजवर कुणी ढवळाढवळ केली नव्हती. मग राजधानीहून प्रकाशनाच्या रेनाताबाई आल्या आणि म्हणाल्या, पुस्तक एकाच शाईत छापायचं ठरलं आहे.

"काळ्या," त्यांनी खुलासा केला.

फाउस्तिनो कुआउत्ले रंगाच्या उपड्या डब्यावर बसून ऐकत होता. आमच्या तेपेकोयानमधल्या झाडून सगळ्या पाट्या त्याच्या हातच्या. खाटकाच्या दुकानावरचं हसरं डुक्करही त्याचंच. स्वतःच्या मांसाची जाहिरात इतक्या समाधानाने करणारं डुक्कर या डोंगरात दुसरं नाही. तीस वर्षं डुकरं रंगवल्यावर त्याने आईने सांगितलेली गोष्ट चित्रांतून काढली होती. नेल्ली नावाची पंधरा वर्षांची मुलगी भावाला परत आणायला मृतांच्या देशात उतरते. एकमेकांवर आदळणारे डोंगर, सुरीसारखा कापणारा वारा, सगळं झकास जमलं होतं. मृत्यूचा राजा तेवढा किंचित डुकरासारखा हसत होता. हाताची सवय.

"तर कुत्रा काळा करू या, मास्तर," रेनाताबाई म्हणाल्या. "काळा, बिनकेसांचा. पोरांना तसलाच आवडतो. हल्ली टी-शर्टवरसुद्धा असतो."

चुलीपाशी मक्याच्या भाकऱ्या थापत बसलेली फाउस्तिनोची आई, दोन्या माकारिया, मान न वळवता म्हणाली, "काळा नेत नाही."

"का हो, आजी?"

"तो म्हणतो, मला आत्ताच डाग लागलेत, मी नाही पाण्यात उतरत."

"बरं, मग पांढरा."

"पांढरा म्हणतो, माझी आत्ताच अंघोळ झालीय."

रेनाताबाई हसल्या. दुसरं कुणीच हसत नाही असं पाहून थांबल्या.

"म्हणजे आमच्या पुस्तकात कुणालाच पलीकडे जाता येणार नाही?"

"शाई तुमची. तुम्ही बघा."

"अहो आजी, गोष्टच तर आहे!"

"पोरं छापलेलं खरं धरतात, बाई." म्हातारीने भाकरी तव्यावर टाकली. "उद्या सगळी काळ्याला खाऊ घालतील आणि पिवळ्याला दगड मारतील. मग म्हातारपणी मेली की बसतील काठावर बोंबलत. हे कुणी सांगितलं होतं रे? तर म्हणे माकारियाच्या पोरानं."

तिच्या पायाशी मेल्कोचा नावाचा पिवळा कुत्रा पसरला होता. रोजची पहिली भाकरी त्याची. म्हातारीने पलीकडे जायची तयारी चोख ठेवली होती.

"आई, अशानं पुस्तक निघायचं नाही," फाउस्तिनो म्हणाला.

"नको निघू दे. डुक्कर आहेच की तुझं."

हे त्याला लागलं. रेनाताबाईंनी घड्याळ पाहिलं. "मला दुपारची बस आहे, मास्तर. काळा की पांढरा, आज सांगा. पुढच्या वर्षावर गेलं, तर पुढच्या वर्षी मी तरी तिथे असेन की नाही, देव जाणे."

फाउस्तिनो उठला. रंगाच्या डब्यांखाली अंथरलेला जुना वर्तमानपत्राचा कागद त्याने ओढून काढला.

"पांढरा ठेवा. कागद कुठला वापरणार?"

"हलकाच मिळतो हो आम्हाला. तेवढं सांभाळून घ्या."

"हलकाच द्या. त्याहून हलका मिळाला तर तो द्या."

"फाउस्तिनो!" म्हातारी कडाडली.

"थांब गं जरा." त्याने तो कागद मेल्कोचाच्या पाठीवर धरला. कागद कुठे संपतो आणि कुत्रा कुठे सुरू होतो, ते कळेना. "उन्हात ठेवला की होतो असा."

म्हातारीने कागद पाहिला. कुत्रा पाहिला. पुन्हा कागद पाहिला.

"किती दिवस लागतील?"

"लागतील थोडे. तू तेवढी घाई करू नकोस."

पुस्तक निघालं. आपल्या वाटणीच्या प्रती फाउस्तिनोने घराच्या धाब्यावर, वाळत घातलेल्या मिरच्यांशेजारी उघड्या करून ठेवल्या. मृतांच्या सणापर्यंत कुत्रा रीतसर पिवळा झाला. नेल्ली, तिचा भाऊ, मृत्यूचा राजा आणि नदी, हेही पिवळे झाले. पण म्हातारी म्हणाली, चालतंय, त्यांचा रंग तिथे कुणी विचारत नाही. त्याच प्रती शाळेत गेल्या. तेव्हापासून शाळेतली पोरं मेल्कोचाला आपल्या डब्यातला घास देतात. एरवी गावभर लाथा खाणारी पिवळी कुत्रीही आता चौकात ऐटीत झोपतात. राजधानीत पुस्तकाचं काय झालं ते रेनाताबाईंनी कळवलं नाही, आणि फाउस्तिनोनेही विचारलं नाही.

बाजाराच्या दिवशी म्हातारी मेल्कोचाला घेऊन निघते. खाटकाच्या दुकानासमोर, हसऱ्या डुकराखाली, धुण्याच्या पाण्याचा वीतभर रुंद ओघळ वाहत असतो. म्हातारी पाय टाकून पलीकडे जाते आणि उभी राहते. मग फाउस्तिनो हातातलं काम सोडून शिडीवरून उतरतो आणि कुत्र्याला दोन्ही हातांनी उचलून पलीकडे ठेवतो.

मेल्कोचा पाण्याला घाबरतो.