एकमताने मंजूर

सव्वीस वर्षं मी नगरपालिकेच्या सभांचं इतिवृत्त लिहितोय आणि सव्वीस वर्षांत ते एकाही सदस्याने वाचलेलं नाही. पुढच्या सभेला अध्यक्ष विचारतात, "मागील इतिवृत्त कायम करायचं ना?" चहाचा कप तोंडाला लावूनच सगळे मान हलवतात, की झालं कायम. एकदा चिडून मी 'खड्डे बुजवणे'च्या जागी 'खड्डे सजवणे' लिहिलं होतं. तेही कायम झालं. आजही कागदोपत्री या गावाचे खड्डे सजवायचेच आहेत.

त्या दिवशी सभेपुढे दोन मोठे विषय होते. सातवा, परवडणारी घरं बांधण्यासाठी कर्ज उभारणं. आठवा, मोठ्या बागेची सुधारणा. बागेत नवे दिवे, पळायची वाट, मुलांसाठी घसरगुंडी, आणि जागा हवी म्हणून कोपऱ्यातली 'अवजारांची खोली' पाडायची. त्या खोलीत फावडी आणि कात्र्यांबरोबर माळीबुवाही राहतात, तेही एकतीस वर्षं, हे आराखडा काढणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बुवा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण सकाळी झाडांना पाणी घालायचं काही त्यांनी सोडलं नाही, आणि त्यांना खोली सोडायला सांगायचं कुणाला सुचलं नाही.

मला सुचलं असतं तरी मी सांगितलं नसतं. रोज दुपारी डबा घेऊन मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसतो. बोलणं फारसं नसतं. ते कात्रीला तेल देतात, मी जेवतो. लग्न माझं झालं नाही. का नाही, हे विचारणारी माणसंसुद्धा आता उरली नाहीत. घरी कुलूप मीच लावतो, मीच काढतो. त्या ओट्यावर निदान दुसऱ्या माणसाच्या खोकल्याचा आवाज असतो. म्हणून आठवा विषय मी दोनदा वाचला.

नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. बुवा धुतलेला सदरा घालून उभे राहिले.

"बाग चांगली करा. दिवे लावा. माझी काही तक्रार नाही," ते म्हणाले. "फक्त मला कुठे ठेवणार, तेवढं सांगा."

अध्यक्षबाई मनाने वाईट नाहीत, घाईत असतात. "अहो बुवा, तुमच्यासारख्यांसाठीच तर ही नवी घरं आहेत! अर्ज करून टाका. कुटुंबात किती जण?"

"कुटुंब गेलं, बाई. तीन वर्षं झाली."

"गेलं? कुठे गेलं?"

बुवांनी बोट वर केलं.

"वरच्या मजल्यावर?" मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या एका सदस्याने विचारलं, आणि दोघं-तिघं हसले.

जुनी माणसं बायकोला कुटुंब म्हणतात, हे त्या सभागृहात मला सोडून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मीही बोललो नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं.

मग नगरपालिकेच्या इंजिनिअरांनी घरांच्या ठरावातला नियम वाचून दाखवला: 'कुटुंब म्हणजे दोन वा अधिक व्यक्ती.' एकटा माणूस त्यात बसत नव्हता. "पुढच्या टप्प्यात बघू," अध्यक्षबाई म्हणाल्या. बुवांनी सगळ्यांना नमस्कार केला, मलाही केला, आणि ते निघून गेले. दोन्ही विषय मंजूर झाले. माझ्या वहीत बुवांबद्दल एवढंच उतरलं: 'एका नागरिकाने सूचना मांडली.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इतिवृत्त टाइप करायला बसलो. नियमाच्या ओळीपाशी आलो आणि थांबलो. निवृत्तीला आठ महिने राहिलेत. पकडलं तर सव्वीस वर्षांवर पाणी. पण तो हसण्याचा आवाज कानातून जाईना. मी 'दोन' पुसलं आणि 'एक' लिहिलं. 'कुटुंब म्हणजे एक वा अधिक व्यक्ती.'

तीन आठवडे मला धड जेवण गेलं नाही. ओट्यावर बुवा म्हणायचे, "भाऊसाहेब, डबा तसाच परत नेताय." मी पोटाचं कारण सांगायचो. इकडे ते सामानाची आवराआवर करत होते. कुठे जाणार, ते सांगत नव्हते. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पुढची सभा आली. "मागील इतिवृत्त कायम?" कप हलले, माना हलल्या. माझा जीव भांड्यात पडला. 'एकमताने मंजूर,' असं मी लिहिलं, आणि ते खोटंही नव्हतं. एकाचंच मत होतं, माझं.

त्याच दुपारी अर्ज आणि शिक्का घेऊन मी ओट्यावर गेलो. बुवांनी चष्मा चढवला आणि सावकाश, गोल अक्षरात अर्ज भरला. 'कुटुंबातील व्यक्तींची नावे' या रकान्यात त्यांनी बायकोचं नाव लिहिलं. खाली 'एकूण' पुढे 'एक'.

"अहो, आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी कुठलं कुटुंब? मी एकटाच की."

मी दुसरा कोरा अर्ज काढला आणि त्यांचं नाव स्वतः लिहिलं. पहिला अर्ज फाडू लागलो, तर त्यांनी माझा हात धरला. कागदाची नीट घडी करून तो त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"पण एकट्या माणसाला कुटुंब कोण म्हणतं?"

"नियमच झालाय आता. सभेने मंजूर केलाय."

"बरीच शहाणी झाली म्हणायची सभा." त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग माझ्या डब्याकडे बघत म्हणाले, "मग भाऊसाहेब, तुम्हीही कुटुंबच झालात की."

सत्तावन्नाव्या वर्षी मला हे पहिल्यांदा कुणी म्हणत होतं. मान वर केली असती तर बुवांना माझे डोळे दिसले असते. मी मान खाली घालून शिक्के मारत बसलो. अर्जाला एकच शिक्का लागतो. मी तीन मारले.