दारापर्यंत

सुनंदाने ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. खालापूरहून कर्जतला निघालेल्या टमटममध्ये ती पदर नाकाशी धरून बसली होती.

"तुज्या बापाला आवडलं नसतं हे," घाटमाथ्याकडचे डोंगर मागे पडल्यावर ती म्हणाली.

"काय आवडलं नसतं?" विनिताने विचारलं.

"चारचौघांत दाखवणं. जित्तेपणी एकदा तरी बघितला का त्यानं तो पिच्चर? तू मोबाईलवर लावलास की कोंबड्या कोंडायला उठायचा. भर दुपारी!"

"लाजायचे गं ते."

"तो? लाजायचा? सोताच्या वरातीत घोड्यावरून उतरून नाचला तो. सासू माजी कपाळाला हात लावून बसली होती. म्हणे लाजायचा!"

समोर बसलेली बाई पिशवीत बघून हसली. विनिताही हसली, पण आईच्या बोलण्याचा विचार काही तिने केला नाही. तिच्या डोक्यात दुपारचं भाषण घोळत होतं.

विनिता पदार्थविज्ञान शिकलेली. मोहोपाड्याला एका रंगाच्या कारखान्यात ती नमुने तपासायचं काम करायची आणि तिथेच खोली घेऊन राहायची. तिचे वडील, सदाशिव, गेल्या पावसाळ्यात वारले होते. ते खालापूरजवळच्या एका दगडाच्या खाणीत खडी मशीनवर कामाला होते. विनिता शाळेत असताना त्याच खाणीत 'परतकक्षा' या चित्रपटाचं चित्रीकरण झालं होतं. भुकटीने राखाडी झालेली ती उजाड जमीन परग्रह म्हणून शोभेल, असं कुणाला तरी वाटलं असावं. शेवटच्या दृश्याच्या दिवशी नटाला लवकर मुंबई गाठायची होती. त्याच्या उंचीचा, त्याच्या अंगलटीचा माणूस हवा होता. सदाशिव तिथेच उभा होता. त्याला अंतराळवीराचा पोशाख चढवला, डोक्यावर काचेचा टोप बसवला आणि सांगितलं, त्या यानाच्या दारापर्यंत चालत जा.

चित्रपट थेटरात आठवडाभरही टिकला नाही. पुढे मात्र तो कॉलेजच्या पोरांच्या मोबाईलवरून मोबाईलवर फिरत गेला आणि त्याचे वेडे तयार झाले. वेड लावलं ते त्याच्या शेवटाने. निर्जन ग्रहावर एकटा उरलेला अंतराळवीर परत न्यायला आलेल्या यानाकडे निघतो. दार उघडं असतं. अर्ध्या वाटेत तो थांबतो, हळूच खाली बसतो, जमिनीला तळहात टेकवतो. दार मिटत जातं आणि पडदा पांढरा होतो. बस्स. तो मेला, की आपल्या मर्जीने राहिला? दिग्दर्शकाने कधी उत्तर दिलं नाही. मुलाखतीत विचारलं की तो नुसता हसायचा.

विनिता 'राहिला' म्हणणाऱ्यांतली. वसतिगृहात असताना तिने त्यावर लांबलचक लेख लिहिला होता आणि तो बराच फिरला होता. तिचा मुद्दा बिनतोड होता. आधीच्या दृश्यात मनगटावरचा काटा पुरेसा प्राणवायू दाखवतो. म्हणजे गुदमरायचं कारण नाही. शिवाय तो कोसळत नाही, बसतो. कोसळणं आपल्या हातात नसतं, बसणं असतं. आणि तळहात जमिनीला लावणं ही आपुलकीची खूण. त्या माणसाने तो ग्रह आपला मानला.

श्रेयनामावलीत सदाशिवचं नाव नव्हतं. आज कर्जतच्या एका हौशी चित्रपट मंडळाने 'परतकक्षा' ठेवला होता आणि शेवटच्या दृश्यातल्या माणसाची मुलगी म्हणून विनिताला बोलायला बोलावलं होतं. भरल्या सभागृहात वडिलांचं नाव घ्यायचं आणि सांगायचं, ते बसणं त्यांचं होतं, एवढंच तिला करायचं होतं. त्यासाठी तिने आईला ओढून आणलं होतं.

मंडळ चालवणारा ऋषिकेश दारातच भेटला. अंगात चित्रपटाचं नाव छापलेला टीशर्ट, हातात वायरचं भेंडोळं.

"काकू, तुम्ही पुढे बसा, एकदम पुढे. तुमच्या मिस्टरांना आम्ही देव मानतो."

"देव कशाला रं," सुनंदा म्हणाली, "माणूसच होता बरा."

वाचनालयाच्या वरचा हॉल भरला होता. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. चित्रपट सुरू झाला. सुनंदाला गोष्ट फारशी कळत नव्हती, पण खाण दिसली की ती विनिताच्या मांडीवर हात ठेवायची. "तो बघ क्रशर. झाकलाय वरून." "हितं तुजा बापूस डबा खायचा."

मग शेवटचं दृश्य आलं.

विनिताने ते किती वेळा पाहिलं असेल याला गणती नव्हती. पण वडील गेल्यापासून आज पहिल्यांदा पाहत होती, आणि भिंतीएवढ्या पडद्यावर तर पहिल्यांदाच. पाठमोरी आकृती चालत होती. चालीत ओढ होती, दाराकडे जायची घाई होती. मग पावलं आखूड झाली. आकृती थांबली, अर्धी वळली, बसली. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्याचा तळवा जमिनीवर.

तिची नजर कोपरावर गेली. कोपर ताठ होतं. आपुलकीने टेकवलेला हात असा खांबासारखा नसतो. ज्याला स्वतःचं धड पेलवत नाही, तो हात असा रोवतो. खांदे कानांकडे चढत होते, उतरत होते, पुन्हा चढत होते. पोशाखाचा छातीवरचा पट्टा ताणला जात होता.

हे बसणं तिला माहीत होतं. लेख लिहिला तेव्हा माहीत नव्हतं. वडिलांच्या शेवटच्या वर्षात ती दर सुट्टीला घरी जायची, तेव्हा ते खाटेच्या कडेला असेच बसलेले असायचे. एक हात गुडघ्यावर, दुसरा खाटेच्या माच्यावर ताठ रोवलेला, खांदे चढलेले. फुप्फुसांत दगडाची धूळ बसली आहे, असं पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. हे अलीकडचंच दुखणं, असं सगळे धरून चालले होते. आणि इथे, ती शाळेत असतानाच्या एका संध्याकाळी, ते पडद्यावर स्वच्छ दिसत होतं.

काटा खोटा नव्हता. गोष्टीत हवा पुरेशी होती. माणसाच्या छातीत नव्हती.

"बसला," शेजारी सुनंदा पुटपुटली. "हितंच बसला म्हणायचा."

विनिताने वळून पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"त्या राती बोलला होता. पिच्चर बिघडवला मी, बोलला. दारापर्यंत जायला सांगितलेलं, अर्ध्यातच दम लागला. उजेड गेला, त्या लोकांनी सामान भरलं. परत बोलवतील, परत घेतील, बोलला. किती दिवस धुतलेला शर्ट घालून जायचा कामावर." तिने पदराने नाक पुसलं. "कोण आलं नाय. मग त्यानं नावच टाकलं पिच्चरचं."

"दम लागला म्हणाले, आणि तुम्ही…"

"तवा खोकला नव्हता गं. आमी म्हटलं, डोक्याला ते काचेचं झाकण लावलेलं, जीव कोंडला असेल. झाकण काढल्यावर बरं वाटलं त्याला. दुसऱ्या दिवशी गेला ना कामावर."

दुसऱ्या दिवशी, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं.

पडदा पांढरा झाला. टाळ्या पडल्या, कुणीतरी शिट्टी मारली. दिवे लागायच्या आतच मागच्या रांगेत जुंपली होती.

"राहिला रे तो, उघड आहे!"

"मेला. तू काटा बघू नको, चेहरा बघ."

"चेहरा कुठे दिसतो, येड्या? टोप आहे ना!"

हशा पिकला. ऋषिकेशने विनिताचं नाव पुकारलं. ती उठली. भाषणाचा कागद तिने पर्समध्येच राहू दिला. माईक हातात घेतल्यावर तिला काही क्षण नुसत्या खिडक्यांवरच्या सतरंज्या दिसत होत्या.

"माझ्या बाबांचं नाव सदाशिव गोमाजी ठोंबरे," ती म्हणाली. "त्या खाणीत ते खडी मशीनवर कामाला होते."

पुन्हा टाळ्या पडल्या. त्या ओसरेपर्यंत ती थांबली.

"राहिला की मेला, असं तुम्ही विचारता. राहिला, असं मी लिहिलं होतं. त्यांना दारापर्यंत जायचं होतं. अर्ध्यात दम लागला, म्हणून बसले. आम्हाला तेव्हा कळलं नाही कशाने."

चेहरा बघ म्हणणाऱ्या मुलाने हळूच विचारलं, "म्हणजे ताई, ते ठरवून नव्हतं?"

"नाही. त्यांना वाटलं, दृश्य बिघडलं."

"पण मग दिग्दर्शकाने ते ठेवलं कसं?"

"आवडलं असेल," विनिता म्हणाली. "छानच दिसतं ते. मलाही आवडायचं."

तिने माईक ऋषिकेशच्या हातात दिला. लोक खुर्च्या न वाजवता उठले. जाता जाता काही जण सुनंदासमोर थांबले, एका मुलीने तिच्या पायांना हात लावला. सुनंदा प्रत्येकाला "बरं, बरं" म्हणत होती.

हॉल रिकामा झाल्यावर ती ऋषिकेशकडे गेली.

"पोरा, तेवढा शेवटचा परत लावशील? बसतो तेवढाच."

"लावतो ना काकू."

त्याने दिवे घालवले. सुनंदा खुर्चीत बसली नाही. ती पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, इतकी की खाणीचा राखाडी उजेड तिच्या जांभळ्या साडीवर पडला. विनिता तिच्या मागे उभी राहिली. आकृती दाराकडे निघाली. पावलं आखूड झाली. ती थांबली, अर्धी वळली.

"बस," सुनंदा म्हणाली. "वाईच बस. दम घे."

आकृती बसली. हात जमिनीला टेकला.

"पिच्चर चांगला झाला हाय," ती पडद्याला म्हणाली. "परत नाय घ्यायचे ते."