रविवारचं पाणी

"ए ताई, फावडं ठेव खाली. कुणाचं पाणी फोडतीस तू?"

सोमवारी दिवस उगवतानाच भारत बांधावर उभा राहून ओरडला. सुवर्णा चारीच्या तोंडाशी चिखलात उभी होती. साडी खोचलेली, बोटं गारठलेली. पलीकडे तिच्या आईचा कांदा माना टाकून पडला होता. आईनं, नवसाबाईनं, संक्रांतीच्या सुमाराला वाकून वाकून ते रोप लावलं आणि कांद्यानं नीट मूळ धरायच्या आत ती गेली. दुःखाचं घर म्हणून गावानं दोनदा पाणी दिलं. मग ज्याचं त्याचं रान ज्याला त्याला दिसायला लागलं.

"आमचंच फोडतीय," सुवर्णा म्हणाली. घोटीच्या शाळेत ती मुलांना शुद्ध मराठी शिकवायची, पण बांधावर आली की जीभ आपोआप गावची व्हायची. "रविवारचं पाणी तुम्ही घेता, सोमवारचं आम्ही. तुझ्या वडलांचा न् आमच्या आबांचा ठरावच हाय. तू रांगत होतास तवापासनं."

"ठराव?" भारत हसला. "आये, ऐकलं का? ठराव हाय म्हनं!"

त्याची आई फुलाबाई गवताचा भारा घेऊन येत होती. तिनं भारा खाली टाकला आणि सुवर्णाकडे न बघता पदरानं तोंड पुसत राहिली.

नदीवरच्या दगडी बंधाऱ्यातून निघालेल्या त्या चारीचं पाणी वारावर वाटलेलं होतं. वाटणी सुवर्णाच्या पणजोबाच्या काळातली. बैठक नेमकी रविवारी भरली आणि पणजोबा, गावातला एकटा ख्रिस्ती माणूस, नाशिकला चर्चच्या देवळात गेलेला. संध्याकाळी परत आला तर सगळे वार वाटून झाले होते. उरला होता फक्त रविवार. गावानं मुद्दाम केलं की सहज झालं, हे कुणी सांगितलं नाही आणि पणजोबानं विचारलं नाही.

तेव्हापासून त्या घराचं पाणी देवाच्या वारी यायचं आणि देवाच्या वारी त्या घरात कुणी कामाला हात लावायचं नाही. सावळीराम, सुवर्णाचा बाप, तर या बाबतीत काळ्या कातळासारखा. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या धूर ओकायला लागल्या, सिन्नरला कारखाने आले, बाजरीच्या रानात द्राक्षांचे मांडव उभे राहिले, पोरं कमरेला मोबाईल लावून हिंडायला लागली. सावळीरामाचा रविवार जागचा हलला नाही. कारखान्यातल्या लोकांसाठी नाशिकच्या ख्रिस्ती मंडळीनं शनिवारी संध्याकाळची उपासना सुरू केली, तेव्हा तो भर सभेत म्हणाला, "आज शनवार म्हनता, उद्या नाताळ बुधवारी करा म्हनाल. जग बदलू द्या. शास्त्र बदलत नाय." गाव त्याला हसायचं आणि अडल्या वेळी त्याच्याच शब्दाची साक्ष काढायचं.

आत्ताही तो मागे बांधावर उभा होता. पांढरी टोपी, हात पाठीशी.

"आबाच हाईत की इथं," भारत म्हणाला. "आबा, तुम्हीच सांगा. कधी घेतलंय आमचं सोमवारचं पाणी? एकदा तरी?"

सुवर्णाच बोलली, "आई सांगायची ना. तुझ्या वडलांनी, गोटीरामभाऊंनी, पहाटंच पाणी सोडलं म्हनून."

"भारत, गप बस," फुलाबाई पुटपुटली. "झाकली मूठ राहू दे. मेली ती बिचारी."

"का गप बसू? माझ्या द्राक्षाचे मनी फुगायला आलेत, न् ही माझ्याच चारीला भोक पाडती, वर ठराव सांगती! ऐक ताई. तुझी आई रविवारीच पाणी भरायची. आबा एस्टीत बसले की ही फावडं घेऊन चारीवर. सगळ्या शिवाराला ठाऊक हाय. तुलाच तेवढं नाय."

सुवर्णानं फुलाबाईकडे पाहिलं. फुलाबाई भाऱ्यावर बसली.

"खोटं कशाला बोलू, पोरी? माझ्या मालकानं एक सोमवार दिला नाय. नवसाबाई आली होती मागायला, नवी नवरी होती तवा. ते म्हनले, तुमच्या देवापायी माझी भाजी का वाळवू?"

"मग?"

"मंग काय, पदर खोचला न् लागली भरायला. मी तिची थट्टा करायची. म्हनायची, बाई, तुझ्या देवाचा सुट्टीचा वार ना? तर म्हनायची, फुलाबाई, राखन करनाऱ्याला कुठली गं सुट्टी? तो डुलकीबी घेत नाय, असं शास्त्रात हाय. न् मोठ्यानं तिचं ते डोंगराचं स्तोत्र म्हनायची, पार वाफ्याच्या शेवटापर्यंत. अक्षर वाचता येत नव्हतं, पन एक शब्द चुकायची नाय."

सुवर्णाच्या हातातलं फावडं खाली आलं. लहानपणापासून ऐकलेलं तिला आठवलं: आईची कंबर धरलीय, आईला एस्टी लागते, आई पुढच्या रविवारी येईल. देवळात बायका विचारायच्या, "तुझी आई नावापुरतीच ख्रिस्ती का गं?" आणि सुवर्णा शरमेनं आईचाच राग करायची. प्रभुभोजनाची भाकर नवसाबाईच्या जिभेला वर्षानुवर्षं लागली नव्हती. दफनाच्या वेळी मंडळीचे पाळक म्हणाले, आपली बहीण देवाच्या घरापासून दूर राहिली, तिच्या दुबळ्या विश्वासाला देव क्षमा करो. आणि कबरीशी उभ्या असलेल्या सावळीरामानं मान हलवली होती.

आता तिनं वळून बापाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. त्यानं एक प्रश्न विचारला नाही.

"चल," तो म्हणाला. "भाकर निवल."

घरी येऊन तो उंबऱ्याशी बसला आणि मांडीवर शास्त्र, त्याचं जुनं बायबल, उघडलं. सुवर्णा समोर उभी राहिली. पाय तसेच चिखलाचे.

"आबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"सोमवारी वावर ओलं असायचं. मी देवाचे उपकार मानायचो."

"कुणी ओलं केलं, कधी विचारलं नाही?"

"विचारलं असतं तर तिला खोटं बोलावं लागलं असतं. तेबी पापच."

सुवर्णानं पुष्कळ वाचलं होतं. घोटीच्या खोलीत तिच्या उशापायथ्याला पुस्तकंच असायची. पण या वाक्याला कुठल्या पुस्तकात उत्तर होतं, तिला सुचेना. शेवटी तिनं बापाचंच पुस्तक बापापुढं केलं.

"बैल विहिरीत पडला तर विश्रामाच्या वारी सुद्धा काढावा, असं आहे ना यात? तुम्हीच शिकवलंय."

"कांदा म्हंजे बैल नव्हं."

"आणि आई? ती कोण होती?"

त्यानं पान उलटलं.

"येत्या रविवारी मंडळीत उभे राहा," ती म्हणाली. "सांगा, ती दुबळी नव्हती. एवढंच सांगा."

"लोक माझ्याकडं बघून उभे हाईत, सुवर्णा. कुनाच्या पोरानं दारू धरली, कुनाची जमीन गेली. त्यांना एक तरी मानूस जागचा न हललेला लागतो." त्यानं शास्त्र मिटलं. "मेलेल्याला मंडळी काय देनार?"

तो आठवडा उन्हाचा गेला. सकाळी दव पडायचं तेवढंच. दुपारी जमीन उलायची आणि कांद्याच्या पातीची टोकं जळायची. सुवर्णा रोज वावरात जाऊन यायची. एक रोप उपटून बघायची. मुळाशी अजून पांढरं, ओलसर होतं. घरात दोघं मोजकं बोलायची. तिनं रजा वाढवली, बापाला सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. न विचारणं त्याला जन्मभर जमलं होतं.

रविवार उजाडला. सावळीरामानं धुतलेलं धोतर नेसलं, कोट चढवला, शास्त्र पिशवीत घातलं. दारात पायताण घालताना, मागं न बघता तो म्हणाला, "फावडं दाराआड हाय. दांडा नवा बसवलाय. तुझ्या हिशेबानं जरा आखूड ठेवलाय. शनवारीच बसवला."

आणि तो एस्टीच्या थांब्याकडे चालू लागला.

सुवर्णानं दाराआड वाकून दांड्यावरून बोट फिरवलं. दांडा तासून गुळगुळीत केला होता. हाताला कुसळ लागू नये म्हणून काचेनं घासला होता. एवढी माया त्या हातांत होती, आणि त्याच हातांनी ती फावड्याला लावून ठेवली होती. पिशवी भरावी, घोटीची जीप धरावी, कांदा वाळू द्यावा, एक सोमवार त्याला कोरडं वावर बघू द्यावं, असं तिला वाटलं. पण वाळणार होता तो आईचा कांदा. तिच्या हातचं शेवटचं तेवढंच जिवंत होतं.

तिनं फावडं उचललं.

पाणी आलं ते दांडगं आलं. पहिल्या वाफ्याचं तोंड बांधेपर्यंत दुसरा फुटला. फुलाबाई बांधावरून बघत होती. "मास्तरीनबाई, पानी पाटीवर लिवून जात नाय! पाय रोव. माती आडवी टाक, उभी नको." मग न राहवून तीच खाली उतरली आणि दोन वाफे बांधून दिले. भारत मांडवातून बघत होता. रविवार त्याचा नव्हता.

दुपारपर्यंत सुवर्णाच्या तळहाताची कातडी सोलली. तिनं डोंगराचं स्तोत्र म्हणून पाहिलं. ऊन बाधणार नाही, इथपर्यंत आली आणि पुढचं आठवेना. आठवायला थांबली तर बांध फुटला. ती धावली. आईनं हे सगळं एका दमात कसं म्हटलं असेल, ते तिला कळेना. शेवटचा वाफा भरला तेव्हा ऊन कलत आलं होतं आणि कांद्यानं पाती उचलायला सुरुवात केली होती.

दिवेलागणीला सावळीराम आला. वावराकडे त्यानं पाहिलं नाही. हातपाय धुऊन तो देवापुढे बसावा तसा शास्त्रापुढे बसला आणि डोळे मिटले. त्या घरात प्रार्थना पुरुषानं करायची आणि आमेन बाईनं म्हणायचं, अशी त्याच्या बापाच्या वेळची रीत. आमेन आल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत.

"प्रभू," तो म्हणाला, "ह्या घरात तुझा वार मोडला नाय, तुझे उपकार. ह्या घराला असंच तुझ्या वचनावर उभं ठेव."

मग तो थांबला.

सुवर्णा चुलीपुढे बसली होती. सोललेले तळहात तिनं मांडीवर उताणे ठेवले होते. तिनं तवा चढवला, पीठ ओढलं. तळहाताला मीठ लागल्यासारखं झोंबलं. पहिली भाकर थापून तव्यावर टाकली. ती फुगली, उलटली, निखाऱ्यावर शेकून झाली. मग दुसरी.

सावळीराम हात जोडून, डोळे मिटून, वाट बघत बसला होता.