उस्तादाचा भाव

त्या दुपारी लाइट होती, म्हणून अण्णा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. पडद्यावर माझी लढवय्यी बाई एका दगडी गावाच्या चौकात उभी होती. अंगात फाटकं चिलखत, उजव्या हातात गंजकी तलवार, डाव्यात लाकडी ढाल. समोर तलवारीचा उस्ताद. त्याच्या चेहऱ्याखाली इंग्रजी अक्षरं उमटली तसं अण्णांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय म्हणून राह्यला?"

"शिकवतो म्हणतो. पाचशे मोहरा."

"मागच्या टायमाला तीनशे म्हणला व्हता ना?"

"जितकं जास्त यायला लागतं तितका भाव वाढतो, अण्णा. नियमच हाय तसा."

"मंग हे तर उलटंच झालं. येड्याला शिकवाया जास्ती मेहनत लागती. पोरगं तयार झाल्यावर वस्तादाला काम काय राह्यतं? बिलकुल लुटारू हाय हे बेणं."

तीर्थपुरीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. सकाळ-संध्याकाळ पोरं यायची, दुपारी खोली रिकामी. जालन्याहून आणलेल्या एका सीडीतून हा गेम निघाला होता. त्यात जंगलं, किल्ले, राक्षस, आणि गावोगावी बसलेले उस्ताद. तलवार, ढाल, धनुष्य, कुलूप उघडणं, जे शिकायचं त्याचे पैसे मोजायचे. पैसे नसले तर उस्ताद तोंड फिरवून उभा राहायचा. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, पण मारामारी त्यांना कुठल्याही भाषेत कळत होती.

अण्णा म्हणजे रामकिसन वस्ताद. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे तालीम होती आणि तिथली माती त्यांच्या ताब्यात होती. त्यांनी कुणाकडून कधी पैसा घेतला नाही. नव्या पोरानं एक नारळ आणायचा, मातीत ओतायला तेल-ताक आणायचं, वस्तादाच्या पायावर डोकं ठेवायचं, झालं. म्हणून त्या उस्तादावर त्यांचा एवढा राग.

"देऊ का पैसे?" मी विचारलं. फार दिवसांनी तेवढ्या मोहरा जमल्या होत्या.

"खबरदार. जंगलात चल. ढाल धर आन् नुसता मार खा. मार खाऊन खाऊन अंगात येतं आपोआप."

ते खरंच होतं. गेममध्ये ढालीवर घाव झेलले की ढालीचं कसब थोडं थोडं वाढायचं. मी बाईला जंगलात नेलं. दोन लांडगे आले. मी ढाल वर धरली आणि तलवार चालवली नाही. लांडगे ढालीवर आपटत राहिले. एकानं बाजूनं येऊन मांडीचा लचका तोडला. जंगलातल्या बर्फावर रक्ताचा सडा पडला.

"हलू नको! खाऊ दे त्याला!"

"मरंल ती, अण्णा."

"अशी कशी मरंल? दम धर."

दुसऱ्या लांडग्यानं गळा धरला आणि बाई मेली. पडदा लाल झाला. अण्णा मांडीवर थाप मारून इतके हसले की खोकला लागला.

"बाईमाणूस घेतली तूच. गडी घेतला असता तर टिकला असता."

आतून आई ओरडली, "बापलेकीनं काय कापाकापी लावली? चहा निवून गेला."

चहा घेताना मी म्हणाले, "पाचशे दिले असते तर जगली असती."

अण्णांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "कौशे, पैसे घेतले की सौदा मिटला. त्यानं शिकवलं, तू मोजले, तू तुझ्या रस्त्यानं, तो त्याच्या. फुकट शिकवलेलं पोरगं मातर जन्माचं आपलं. ते कुठं बी जाऊ दे, आपण हाक मारली की थांबतं."

मला तो उस्ताद आवडायचा. का, ते मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. अण्णांच्या हातात पिशवी, माझ्या हातात कोथिंबीर आणि मेथीच्या जुड्या. स्टँडसमोर गर्दीचा गोल दिसला आणि आतून ओरडणं ऐकू आलं. अण्णा गर्दी सारत पुढे गेले, मी त्यांच्या मागे.

आत भुजंग होता. दहा वर्षांचा असताना त्याच्या आईनं, गोजरबाईनं, त्याला आणून अण्णांच्या पायावर घातलं होतं. बाप मेलेला, आई रोजानं जाणारी. अण्णांनी त्याला आमच्या म्हशीचं दूध पाजून वाढवलं. मंठ्याच्या, कुंभार पिंपळगावच्या जत्रांत त्यानं कुस्त्या मारल्या, फेटे आणले, ते सगळे आधी आमच्या घरी आणले. मग गोदावरीतून वाळू उपसणाऱ्या एका ठेकेदाराला असा पोरगा पाहिजे होता. तालीम सुटली. आता तो ट्रॅक्टरच्या पुढे मोटारसायकल चालवायचा, आणि कुणी रस्त्यात आडवा आला की त्याला बाजूला करायचा.

त्या दिवशी आडवा आलेला माणूस नदीकाठचा होता. ट्रॅक्टरनं त्याची पाइपलाइन फोडली म्हणून त्यानं तक्रार दिली होती. भुजंगनं त्याचा हात पाठीमागे पिरगाळून धरला होता आणि दुसऱ्या हातानं त्याचं तोंड चहाच्या टपरीच्या ओट्यावर आपटत होता. एकदा, परत एकदा. त्या माणसाचे दात फुटले होते आणि तो शब्द काढायचा प्रयत्न करत होता, पण तोंडातून नुसता लाल फेस येत होता. ठेकेदाराची चार-पाच माणसं ट्रॅक्टरला टेकून बघत होती. बाकीचा बाजारही बघत होता.

"भुजंगा."

अण्णांचा आवाज मोठा नव्हता. भुजंगचा हात थांबला. तो माणूस खाली कोसळला आणि हातापायांवर रांगत गर्दीत शिरला.

"वस्ताद, तुमी घरी जावा," भुजंग म्हणाला. "हे तालमीतलं न्हाई."

"हात तालमीतला हाय का न्हाई?"

"पाया पडतो, जावा."

"मंग पड ना. बोलतो कशाला नुसता?"

गर्दीत कुणीतरी हसलं. ट्रॅक्टरपाशी टेकलेला एक जण म्हणाला, "काय रं भुजंग्या, म्हाताऱ्याला पाहून मुतला का?" आणि मग सगळेच हसले. भुजंगचे कान लाल झाले. तो अण्णांकडे नाही, त्या माणसांकडे बघत होता.

अण्णांनी पिशवी माझ्याकडे दिली. चपला काढल्या. काय करणार ते मला कळलं, कारण रोज सकाळी मी ते पाहत आले होते. कुस्तीच्या आधी सलामी असते. एकानं मूठभर माती उचलून पुढे करायची, दुसऱ्यानं ती आपल्या तळहातावर घ्यायची, हात हाताला लावायचा. माती घेतली की कपट नाही, राग नाही. रागानं पेटलेली कितीतरी पोरं त्या मातीवर विझलेली अण्णांनी पाहिली होती. त्यांना भुजंगशी लढायचं नव्हतं. त्यांना त्याच्या हातात माती द्यायची होती.

स्टँडच्या धुळीतली माती घ्यायला अण्णा खाली वाकले. मान पुढे, नजर जमिनीवर.

भुजंगनं ती मान काखेत धरली.

दुसऱ्या हातानं त्यानं अण्णांचा दंड आवळला, कंबर आत घातली आणि फिरला. हा डाव त्याला अण्णांनीच शिकवला होता. तालमीत हा डाव टाकताना अण्णा एकच गोष्ट ओरडायचे: समोरचा हवेत गेला की मान सोड. मान सोडली तर तो पाठीवर पडतो. नाही सोडली तर मानेवर पडतो.

"मान सोड!" मी ओरडले. "भुजंग, मान सोड!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. अण्णांचे पाय जमीन सोडून वर गेलेले होते, आणि तेवढ्यात त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला ओळखून पाहिलं. मान त्याच्या काखेतच राहिली.

जाड ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. अण्णा ओट्याच्या कडेपाशी पडले. एक पाय थोडा वेळ जमीन खरवडत राहिला. नाकातून, कानातून रक्त आलं आणि धुळीत मुरत गेलं. उजवी मूठ मिटलेली होती. ती मी उघडली नाही. जालन्याला नेताना जीपमध्येच ते गेले.

तेराव्यानंतर क्लास बंदच होता. एका दुपारी मी कॉम्प्युटर लावला. जुना खेळ उघडला, बाई उस्तादासमोर नेली आणि त्याला पाचशे मोहरा दिल्या. मग मिळेल ते विकलं, चिलखत विकलं, बूटसुद्धा विकले, आणि अनवाणी बाईला परत त्याच्यापुढे उभं केलं. तो प्रत्येक वेळी भाव वाढवत गेला. मी प्रत्येक वेळी देत गेले. ती कोण, कुणाची, बाई आहे की बाप्या, हे त्यानं एकदाही विचारलं नाही.

सगळं शिकून झाल्यावर मी त्याच्यावरच तलवार उगारली. गेम तेवढी मुभा देत होता. त्यानं माझा हात तोडला. मी परत सुरू केलं. त्यानं मला भिंतीला ठोकून पोटात तलवार घातली. परत. किती वेळा मेले ते मोजलं नाही. शेवटी त्यानंच शिकवलेला घाव त्याला लागला आणि त्याचं डोकं चौकातल्या फरशीवर घरंगळत गेलं. मी त्याचे खिसे तपासले. मी दिलेल्यातली एकही मोहर नव्हती. एक पाव होता फक्त.

मला काही वाटलं नाही. तो शेवटपर्यंत माझ्या डोळ्यांत बघून लढला होता. तो वाकला नव्हता.

खटला अंबडच्या कोर्टात उभा राहिला. बाजारातल्या प्रत्येकानं गर्दी होती, दिसलं नाही, असं लिहून दिलं होतं. मार खाल्लेला माणूस गाव सोडून गेला होता. साक्षीदार उरले मी एकटी. माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर, बद्रीनाथकाका आले. अण्णांचे धाकटे भाऊ. तालमीच्या किल्ल्या आता त्यांच्याकडे होत्या. त्यांच्यामागे गोजरबाई उंबऱ्याबाहेरच बसली.

"आत ये, गोजरे," आई म्हणाली. ती आली नाही.

काकांनी पाणी घेतलं. "वहिनी, मी बराबर सांगतो का बघा. भुजंग म्हणजे अण्णाचंच पोरगं. अण्णा असता तर त्यानं माफ केलं असतं का न्हाई?"

आईनं पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"भुजंगाचा वकील म्हणतो, पोरीनं फक्त एवढं म्हणावं की वस्तादाचा पाय घसरला. झोंबाझोंबीत दोघं पडले. बस. पोरगं सुटंल. तालमीचं नाव राहील. न्हाईतर लोक म्हणतील, ह्या तालमीत खुनी तयार होतेत."

"मी पोलिसांना आधीच सांगितलं," मी म्हणाले. "मी पाहिलं ते सांगणार."

गोजरबाई उंबऱ्यावर हात टेकून पुढे झाली. "पोरी, त्यानं जेल भोगावी, म्या न्हाई म्हणत न्हाई. पर फाशी नगं गं. त्याला माय-बाप दोन्ही वस्तादच व्हते. म्या नुसती जन्माची धनी. तो रोज रडून राह्यला गं तिथं."

तिच्या रडण्यात खोटं काही नव्हतं. लहानपणी ती माझी वेणी घालायची. मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

"म्हण बाई एवढं," काका म्हणाले. "घसरला म्हणलं तर काय पाप लागंल?"

"अण्णा घसरले न्हाईत. भुजंगनं मान धरून डाव टाकला आन् मान सोडली न्हाई."

काकांचा धीर सुटला. "तुला काय कळतं गं कुस्तीतलं? डाव म्हणे! जन्मात कधी मातीत पाय ठेवला का? चार पोरांना कॉम्प्युटर शिकवती म्हणून लई शहाणी झाली का?"

"न्हाई ठेवला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "भिंतीच्या अलीकडं उभी राहून शिकले. म्हशीला चारा टाकायच्या निमित्तानं. भुजंग आला त्या दिवसापासून. त्याला जे जे सांगितलं ते सगळं मला पाठ हाय. मान कवा सोडायची ते त्याच्याइतकंच मला ठाव हाय. मी वरडले, त्यानं ऐकलं, माझ्याकडं पाहिलं, आन् सोडली न्हाई. उद्या अंबडला मी हेच सांगणार, काका. फाशी द्या असं म्हणणार न्हाई. पर हे सांगणार."

गोजरबाईनं पदर तोंडात कोंबला. काका उठून उभे राहिले, परत बसले. आईनं माझ्याकडे पाहिलं. मला गोठ्यात एवढा वेळ का लागतो ते इतक्या वर्षांत तिला कळलं नव्हतं.

मागचं दार उघडं होतं. भिंतीपलीकडून कुणी माती खणत असल्याचा आवाज येत होता. मी तिकडे तोंड केलं. खोलीत माणसं आहेत याची मला लाज वाटली नाही.

"अण्णा, मला शिकायचं होतं," मी म्हणाले. "गावातल्या पोरांना तुम्ही फुकट दिलं. मला तुम्ही कुठल्याच भावात दिलं नसतं, हे माहीत होतं, म्हणून मी मागितलंच नाही. मला तुमचा राग यायचा, अण्णा. अजून येतो."