बोल्टखालचा रंग

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे, पण माझा तोरा अजून गेलेला नाही. मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. लाल, बुटकी, कापडी छपराची आणि फक्त दोन माणसांची. वरोर गावात मासे सुकवायच्या मांडवांशेजारी मी ताडपत्रीखाली उभी असते. बोंबलांच्या वासाची आता सवय झाली आहे. तक्रार नाही. माझे दुःख वेगळे आहे आणि तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. डहाणूजवळच्या एका चिकूवाडीच्या मालकांनी मला मोठ्या हौसेने विकत आणले. ते मला बोर्डीच्या रस्त्याने फिरवत तेव्हा सायकलवाले खाली उतरून बघत. त्या काळात माझे नाक आकाशाला लागले होते हे खरे आहे. माझ्या दिव्यांची आणि वायरिंगची कामे तलासरीचा मनिष करायचा. हायवेलगत त्याचे छोटेसे दुकान होते. ट्रक, टेम्पो, रिक्षा, सगळ्यांचे दिवे आणि सेल्फ तो दुरुस्त करी. पण माझ्याजवळ आला की आधी हात पुसून घेई. मला ते फार आवडे.

पुढे मालक थकले आणि मला विकायचे ठरले. तेव्हा मनिषने ही बातमी आपल्या दोस्ताला, सुनिलला सांगितली. सुनिल वरोरचा, स्वतःची होडी असलेला मच्छीमार. हे दोघे डहाणूला आयटीआयमध्ये एका बाकावर बसलेले. मनिष त्याला म्हणाला, "घेऊन टाक. बाई म्हातारी आहे, पण खानदानी आहे. वायरिंगचं मी बघतो, तू टेन्शन घेऊ नको."

अशी मी वरोरला आले. ती वर्षे सुखाची होती. सुनिल कधी बायकोला, संगिताला घेऊन निघे, तर कधी मनिषला शेजारी बसवून उगाच हायवेवर एक चक्कर मारी. तलासरीला जाताना माझ्यात सुकटीची पिशवी असे आणि येताना मनिषच्या बायकोने, निलमने बांधून दिलेली रानभाजी. दोघे शेजारी बसले की इतके बोलत की माझ्या इंजिनाचा आवाज कुणाला ऐकू जात नसे. मला राग यायचा, पण खोटा.

आता चूक कुठे झाली ते ऐका. समुद्राचा खारा वारा लोखंड खातो. म्हणून पावसाळ्यात मासेमारी बंद असली की आमच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढतात, खरवडतात आणि रंगवतात. उघडे लोखंड कुठेही दिसता कामा नये, हा इथला धर्मच. त्या वर्षी होडी रंगवून झाली आणि डब्यात रंग उरला. सुनिलने माझे बॉनेट उघडले. आत गंजाचे ठिपके दिसले तसा त्याचा जीव कळवळला. त्याने एकेक बोल्ट काढला, खाली रंग लावला, वाळू दिला, पुन्हा एक हात दिला आणि बोल्ट परत बसवला. त्यातच माझ्या अर्थिंगच्या वायरीचा बोल्ट होता.

बॅटरीतली वीज दिव्यात जाते, हॉर्नमध्ये जाते आणि माझ्या अंगाच्या पत्र्यातून या जाड वायरीने बॅटरीकडे परत येते. तिथे वायर आणि पत्रा उघड्या धातूने एकमेकांना टेकलेले असावे लागतात. मध्ये रंग आला की विजेची परतीची वाट अडते. होडीला जे औषध, तेच मला विष झाले. सुनिलने ते मायेने पाजले, म्हणून मला त्याच्यावर रागावताही येत नाही.

वाट पूर्ण बंद झाली असती तर बरे झाले असते. मी सरळ बंद पडले असते आणि कुणीतरी कारण शोधले असते. पण बोल्टच्या आट्यांनी रंग थोडासा खरचटला होता. तेवढ्यावर मी कधी चाले आणि कधी नाही. इंडिकेटर लावला की समोरचे दिवे मंद होत. खड्डा आला की इंजिन बंद पडे आणि बॉनेट आपटले की चालू होई. संगिता म्हणाली, "हिच्या अंगात येतं काय?"

सुनिलने मला तलासरीला नेले. मनिषने बॉनेट उघडले आणि म्हणाला, "काय चमकवलीस रे! नवरी दिसते." मग त्याने टेस्ट लॅम्पची, म्हणजे वीज तपासायच्या दिव्याची, एक वायर थेट बॅटरीला लावली आणि दुसरी प्रत्येक फ्यूजला टेकवली. दिवा लख्ख पेटत गेला. पेटणारच, कारण त्याच्या दिव्याची वीज बिघडलेल्या वाटेने जातच नव्हती. वायरी हलवताना तो बोल्टही थोडा हलला आणि मी शहाण्यासारखी सुरू झाले. "बघ, काही नाही," मनिष म्हणाला. आम्ही वाणगावपर्यंत आलो आणि दिवे गेले.

असे पुन्हा पुन्हा झाले. मनिषने रिले बदलला, फ्यूज बदलले, शेवटी बॅटरीही नवी घातली. त्याच्या दारात मी धडधाकट आणि सुनिलच्या दारात आजारी. "माझ्याकडे तर चालते," हे मनिषचे बोलणे खरे होते. "माझ्याकडे चालत नाय," हे सुनिलचेही खरे होते. बिघाड कधीपासून सुरू झाला, हे मात्र दोघांपैकी एकानेही विचारले नाही. मी सांगितले असते हो, पण मला हॉर्नपलीकडे बोलता येत नाही आणि तोही तेव्हा वाजत नव्हता.

चैत्रात महालक्ष्मीची जत्रा असते. सुनिल आणि संगिता दर्शन करून निघाले तेव्हा नुकताच अंधार पडला होता. चारोटीजवळ हायवेवर माझे दिवे आणि इंजिन एकदमच गेले. मागून येणारा ट्रक अगदी जवळून, हॉर्न वाजवत निघून गेला. संगिताने माझे दार घट्ट धरून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी तलासरीचा बाजार होता. सुनिल टेम्पोने मला ओढत तिथे घेऊन आला. दुकानापुढे ड्रायव्हर, रिक्षावाले, बाजाराला आलेली माणसे उभी होती. सुनिल ओरडला, "नवी बॅटरी असून दिवे जातात कसे? माझी नवी बॅटरी काढून घेतलीस आणि भंगारातली घातलीस! माझी बायको मरता मरता वाचली. दोस्ताला फसवतोस? चोर आहेस तू!"

मनिषने हातातला पाना खाली ठेवला. "सुनिल, हळू बोल. बॅटरी तीच आहे रे," एवढेच तो म्हणाला.

संगिताने घरी नवऱ्याला सुनावले, "तो माणूस खोटं नाय करणार." पण सुटलेला शब्द कुठे परत येतो? बाजारात ती गोष्ट पसरली. जो दोस्ताला सोडत नाही तो आपल्याला काय सोडणार, असे लोक म्हणू लागले. गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात गेले. पावसाळा लागायच्या आत मनिषच्या दुकानाचे शटर खाली आले आणि तो वापीला एका कंपनीत कामाला लागला.

पुन्हा होड्या वर ओढल्या गेल्या. होडी झाल्यावर सुनिलने माझेही बॉनेट उघडले. नवा रंग देण्याआधी जुना खरवडायचा असतो, म्हणून तो पत्र्याच्या तुकड्याने खरवडू लागला. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग निघाला. गंज आत गेलाय का ते बघताना पत्रा चकचकीत उघडा झाला. पाऊस आला म्हणून त्याने घाईने बोल्ट तसाच बसवला आणि मला आडोशाला घ्यायला चावी फिरवली. मी पहिल्या झटक्यात सुरू झाले. दिवे असे पेटले की शेजारच्या ओट्यावरल्या बायकांनी डोळ्यांवर हात धरले.

सुनिलने बोल्टकडे पाहिले, मग डब्यातल्या रंगाकडे. तो खाली चिखलात बसला. "मीच केलं," तो संगिताला म्हणाला. "गे, मीच केलं हे."

मनिषच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही त्याच्या पाड्यावर गेलो. सुनिलने सगळे सांगितले. मनिषने बॉनेट उघडले. आधी हात पुसले, हे मी पाहिले. उघड्या पत्र्यावरून त्याने बोट फिरवले.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मला पण दिसलं नाय," तो म्हणाला. "किती झकास रंगवलं होतंस."

क्षणभर दोघे हसले. मला वाटले, झाले, सगळे पहिल्यासारखे झाले. सुनिल म्हणाला, "माफ कर रे. दुकान परत उघड. चल, बस, एक चक्कर मारून येऊ." त्याने माझे दार उघडून धरले.

मनिषने बॉनेट हलकेच बंद केले. "चोर म्हणालास ते भर बाजारात. माफी मागतोस माझ्या अंगणात. इथे ऐकायला निलमशिवाय कोण आहे?"

पुढच्या बाजाराला सुनिल त्या बंद शटरपुढे उभा राहिला. "चूक माझी होती! मनिषने काही चोरलं नव्हतं!" तो मोठ्याने सांगत होता. काही जण थांबले. एक म्हातारा "बरं, बरं" म्हणाला. मग सगळे आपापल्या खरेदीला गेले. मनिष त्या वेळी वापीला ड्यूटीवर होता.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू अशी असेल, कधी चालणारी, कधी रुसणारी. तिची काळजी घ्या, पण कशाने तिचे भले होते ते आधी विचारून घ्या. आणि ती बिघडली तर आधी आठवा, कधीपासून बिघडली आणि त्याच्या आधी आपण तिला काय केले होते. माणसावर बोट दाखवायला घाई करू नका. माझा बिघाड पत्र्याच्या एका तुकड्याने खरवडून निघाला, तसे शब्द निघत नाहीत. मी आता एका चावीत सुरू होते, खड्ड्यातही बंद पडत नाही. पण मनिष अजून माझ्यात बसलेला नाही.