बसमध्ये नसलेली नऊ मुलं

शाळेतली मुलं तोंडावर त्यांना 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'सहलवाल्या बाई'. हे पाठीमागचं नाव बाईंना ठाऊक होतं आणि मनातून ते आवडायचंही. वर्ग त्यांच्याकडे तिसरीचा, पण गेली अकरा वर्षं शाळेच्या सहली ठरवायच्या त्या त्यांनीच. पहिलीला छोट्या आगगाडीची बाग, दुसरीला प्राणिसंग्रहालय, तिसरीला मत्स्यालय, चौथीला तारांगण आणि पाचवीला पाण्याच्या घसरगुंड्यांचं भलंमोठं उद्यान. पाचही सहली एकाच दिवशी निघायच्या. फाटकाबाहेर पाच बसगाड्या ओळीने उभ्या राहिल्या की बाई उगाचच पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत एक चक्कर मारून यायच्या.

खर्च दरवर्षी वाढत होता. पहिलीची सहल एका बऱ्या कंपासपेटीच्या किमतीत व्हायची. पाचवीच्या सहलीच्या पैशांत मात्र घरातल्या सगळ्यांना नवे बूट आले असते. हे बाईंना कळत नव्हतं असं नाही. पण पालक पैसे भरत होते, मुलं उड्या मारत येत होती, मग आपण कशाला खोलात शिरायचं? आणि न येणारी अशी किती असायची? कुणाला गाडी लागते, कुणाकडे पाहुणे येतात, कुणाचं पोट नेमकं त्याच दिवशी दुखतं. बाईंनी स्वतःची अशी समजूत घालून घेतली होती. बसमधली डोकी त्या तीन-तीनदा मोजायच्या. बसमध्ये नसलेली कधी मोजली नव्हती.

त्या वर्षी सहलीला चार दिवस उरले असताना माळ्यावरची औषधांची पेटी काढायला बाई स्टुलावर चढल्या आणि पेटीसकट खाली आल्या. उजवा पाय घोट्यात मोडला. प्लास्टर पडलं, कुबड्या आल्या. नवऱ्याने दोन दिवस मुकाट्याने सगळं केलं. तिसऱ्या दिवशी मात्र त्याच्याच्याने राहवलं नाही. पेटी त्याने एका हाताने काढून दिली असती, पण हाक मारली तर बाईसाहेबांचा मान कमी होतो ना, असं तो म्हणाला.

मुख्याध्यापकांनी त्यांना घरीच राहायला सांगितलं होतं. पण सहलीच्या दिवशी घरी बसले तर डोकं फिरेल, असं म्हणून बाई शाळेत हजर झाल्या. आता आल्याच आहात तर सहा नंबरच्या खोलीत बसा, मागे राहिलेली मुलं सांभाळा, असं सर म्हणाले. दरवर्षी ते काम शिपाईकाका करायचे.

बसगाड्या गेल्या आणि धूळ खाली बसली. कुबड्या टेकत बाई सहा नंबरच्या खोलीत शिरल्या तेव्हा तिथे नऊ मुलं होती. बाईंना वाटलं होतं, चेहरे पडलेले असतील, एखादं तरी रडत असेल. तसं काहीच नव्हतं. मुलं बाकं भिंतीशी सरकवत होती. एकाने खिडकीतून खडूचा डबा काढला, दुसऱ्याने फडक्याने फळा पुसला. आधी चित्रं काढायची, मग डबा खायचा, मग काका गोष्ट सांगता सांगता झोपतात आणि त्यांना उठवायचं नाही, असं पहिलीतल्या एका नव्या मुलाला दोघं जण समजावून सांगत होते. बाई दारातच थबकल्या. मुलांना हा दिवस पाठ होता.

बाकं लावून घेणारी मुलगी चौथीतली होती. उंच आणि काटकुळी, म्हणून सगळी तिला 'पेन्सिल' म्हणायची. गेल्या वर्षी ती बाईंच्याच वर्गात होती. तिने खुर्ची आणून दिली, प्लास्टरच्या पायाखाली दप्तर ठेवलं आणि वर विचारलं, की उंची पुरते का.

बाई म्हणाल्या, "तू कशी गं इथे? गेल्या वर्षी तर आली होतीस आमच्याबरोबर."

"नव्हते आले, बाई. मी पहिलीपासून इथेच असते."

बाईंना आधी वाटलं, पोरगी विसरली. कारण त्यांना स्वच्छ आठवत होतं. मत्स्यालयाच्या सहलीनंतर 'माझी सहल' या निबंधाला त्यांनी पहिलं बक्षीस दिलं होतं ते याच मुलीला. काचेपाशी नाक लावलं तर मासासुद्धा पलीकडून नाक लावतो आणि मग कोण कोणाला बघायला आलंय ते कळत नाही, असं तिने लिहिलं होतं. बाईंनी ते साऱ्या वर्गाला वाचून दाखवलं होतं, नवऱ्यालाही सांगितलं होतं.

"मग तो निबंध?"

पेन्सिलने मान खाली घातली. चोरी पकडली गेल्यासारखी ती हळूच म्हणाली, "सगळ्यांना लिहायचाच होता ना. मी मैत्रिणींना विचारून विचारून लिहिला. बक्षीस परत द्यायचं का?"

"नाही गं बाळा," बाई म्हणाल्या. वर्गातल्या कितीतरी मुलांना तेव्हा हे माहीत असणार, आणि एकानेही चुगली केली नव्हती. माहीत नव्हतं ते फक्त बाईंना.

मुलांनी चित्रं सुरू केली होती. मग बाईंनी विचारलं, की आज कुठेही जायचं ठरवलं तर कुठे जाल? मुलं एकमेकांकडे बघू लागली. कुठे म्हणजे काय, बाईंचा पाय मोडलाय, बस गेलीय. शेवटी पहिलीतल्या नव्या मुलाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. शाळेच्या भिंतीपलीकडे एक पत्र्याचं छप्पर होतं आणि त्याच्या नळीतून दिवसभर पांढरी वाफ निघायची. तिथे ढग बनवतात का, हे त्याला बघायचं होतं.

पेन्सिल म्हणाली, "ढग नाही रे. धुलाई आहे ती. माझी आई असते तिथे."

तिने तरी आत जाऊन पाहिलंय का, असं बाईंनी विचारलं. तिने पाहिलं नव्हतं. मुलांना आत सोडत नाहीत, ती फाटकाशी थांबते.

धुलाईच्या मालकीणबाईंना बाई ओळखत होत्या, कारण शाळेच्या रंगमंचाचे पडदे तिथेच धुवायला जात. त्यांनी फोन लावला. मालकीणबाईंनी आधी आढेवेढे घेतले, मग नऊच मुलं आहेत म्हटल्यावर अर्धा तास कबूल केला. मुख्याध्यापकांनी बाईंच्या प्लास्टरकडे पाहिलं, कुबड्यांकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि शिपाईकाकांना बरोबर धाडलं. रस्ता जेमतेम तीन मिनिटांचा, पण बाईंच्या चालीने वीस मिनिटं लागली. पेन्सिल एका बाजूने चालत होती आणि दर दहा पावलांवर सांगत होती, की दमलात तर थांबू.

धुलाईचं दार उघडलं आणि गरम, साबणाच्या वासाची हवा तोंडावर आली. आत इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरींचे डोंगर होते. भिंतीलगत माणूस मावेल एवढाली धुलाईयंत्रं होती आणि त्यांच्या गोल काचेमागे चादरी गरगरत होत्या. खोलीच्या मध्यभागी तापलेला लांबलचक रूळ फिरत होता. अलीकडून दोघी जणी ओली, चुरगळलेली चादर त्यात सारायच्या आणि पलीकडे दोघींच्या हातात ती कोरडी, कडक होऊन यायची.

पलीकडच्या दोघींतली एक पेन्सिलची आई होती. तिने मान वर केली, बाईंना पाहिलं, शेजारी आपल्या मुलीला पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. चादर शेजारणीच्या हातात देऊन ती लगबगीने पुढे आली. हात पुसत, आवाज खाली आणत म्हणाली, "बाई, तुम्ही कशाला आलात अशा पायाने? पुढच्या वर्षी नक्की भरते मी पैसे. हिला मी समजावलंय, ती काही हट्ट करत नाही."

अकरा वर्षांत किती आयांनी आपल्या मुलांना असं समजावलं असेल!

त्या म्हणाल्या, "पैशांसाठी नाही आले हो. आमची सहल आलीय तुमच्याकडे. मुलांना दाखवाल का, हे कसं चालतं ते?"

आईला आधी खरंच वाटेना. मालकीणबाईंनी मान डोलावली तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. मग मात्र ती अशी काही खुलली की बघत राहावं. लाल धाग्याची खूण इस्पितळाची, निळ्या धाग्याची हॉटेलची, आणि चुकून जरी सरमिसळ झाली तरी पुन्हा सगळं धुवायचं, असं तिने सांगितलं. यंत्राच्या जाळीत अडकलेला कापसासारखा भुगा तिने नव्या मुलाच्या ओंजळीत ठेवला. हाच ढग, अशी त्याची खात्री पटली. पाणी किती गरम असतं, मग ते जातं कुठे, एवढ्या चादरींवर झोपतं तरी कोण, असे प्रश्नांवर प्रश्न आले. काहींना तिने उत्तरं दिली. काहींची उत्तरं मालकीणबाईंनाही येईनात, तेव्हा यंत्र चालवणाऱ्याला बोलवावं लागलं.

मग तिने चादरीची घडी घालायला शिकवलं. दोघांनी चार टोकं धरायची, मागे सरत ताणायची, झटका द्यायचा आणि चालत येऊन टोकं एकमेकांच्या हातात द्यायची. मुलांनी जोड्या केल्या. पहिल्या पाच घड्या बघून शिपाईकाका म्हणाले, की हे बोचकं झालं. सहावी बरी जमली. नऊ मुलांत एकाला जोडीदार नव्हता, म्हणून पेन्सिलची आई त्याच्याबरोबर उभी राहिली. पेन्सिल आपली घडी सोडून तिच्याकडेच बघत होती.

पण खरी धमाल आली ती सापडलेल्या वस्तूंच्या पेटीने. चादरींच्या गुंडाळ्यांत काय काय येतं ते मालकीणबाईंनी काढून दाखवलं. बटणं, पेनं, चमचे, एकेकटे मोजे, आणि तळाशी कागदात गुंडाळलेली दातांची अख्खी कवळी. ती न्यायला दोन वर्षं कोणी आलं नव्हतं. बिनदातांचा तो माणूस आता जेवत कसा असेल, यावर परत येताना रस्ताभर चर्चा चालली. अर्ध्या तासाचे दोन तास झाले होते.

दुसऱ्या दिवशी बसने गेलेली मुलं मासे, वाघ आणि घसरगुंड्यांच्या गोष्टी घेऊन आली. पण मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर एकच विषय होता तो म्हणजे कवळी. तिसरीतल्या एका मुलीने बाईंना रागाने विचारलं, की आम्हाला का नाही नेलं तिकडे? बाईंना हसू आवरेना.

हसून झाल्यावर त्यांनी कपाटातून पाच वर्षांच्या सहलींच्या याद्या काढल्या आणि हजेरीपटाशी ताडून पाहिल्या. मागे राहणारी मुलं दरवर्षी बहुतेक तीच होती. पुढच्या शिक्षकसभेत बाई उभ्या राहिल्या आणि मत्स्यालयाच्या निबंधाची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली, काहीही न लपवता. मग म्हणाल्या, की प्रत्येक वर्गाने वर्षातून दोनदा पायी जवळपास जावं, फुकटात. बसची सहल एकच असावी, आणि ती परवडणारी. वर्गातलं एक जरी मूल पैशांमुळे येऊ शकत नसेल, तर जागा बदलायची, मूल मागे ठेवायचं नाही.

पाचवीच्या सरांना हे पटलं नाही. लोक सहली बघून शाळा निवडतात, आणि हे उद्यान तुम्हीच तर आणलंत, असं ते म्हणाले. बाई म्हणाल्या, की हो, मीच आणलं, म्हणून तर मीच बोलतेय. वाद बराच रंगला. शेवटी मुख्याध्यापकांनी एक वर्ष करून बघू म्हटलं.

ते वर्ष काही सगळंच सुरळीत गेलं नाही. अग्निशमन केंद्राची सहल झकास झाली. छापखान्यात मुलांना आपापली नावं छापून मिळाली. बसआगारात मात्र आधी दिलेली परवानगी कोणाच्याच लक्षात नव्हती. दुसरीचा अख्खा वर्ग तासभर फाटकाशी ताटकळला, आणि दोघांची चड्डी ओली झाली. त्या दिवशी बाईंनी नवऱ्याजवळ जाहीर केलं, की आपण हे सगळं सोडून देतोय. तो म्हणाला, बरं. दुसऱ्या दिवशी त्या जलशुद्धीकरण केंद्राच्या पत्रावर सही घ्यायला मुख्याध्यापकांच्या खोलीत बसल्या होत्या.

पाचवीसाठी त्यांनी एक धरण शोधून काढलं. तिथे तिकीट नव्हतं आणि आतलं सगळं दाखवायला एक अभियंताबाई तयार होत्या. खर्च काय तो बसचा, तोही निम्मा शाळेने उचलला. फाटकाबाहेर गाडी उभी राहिली तेव्हा पाचवीच्या सरांनीच यादी वाचली. एकेचाळीस मुलं होती आणि एकेचाळीसही आली होती. सहा नंबरच्या खोलीला कुलूप होतं.

पेन्सिल अर्थातच खिडकीशी बसली. एवढ्या लांब ती बसने कधी गेली नव्हती. घाटाच्या तिसऱ्या वळणावर तिचा रंग उडाला आणि चौथ्यावर तिने सगळा नाश्ता बाहेर काढला. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या, तिचं तोंड पुसलं, पाणी दिलं. पाय आता धड झाला होता, पण वळणावर अजून दुखायचा.

डोळे मिटून मागे टेकत पेन्सिलने विचारलं, "अजून किती लांब आहे, बाई?"

"आलंच गं. पंधरा मिनिटं. सोस जरा."

पेन्सिलने एक डोळा उघडून बाहेर पाहिलं. खाली दरीत झाडं मागे पळत होती.

"पंधराच? मग ड्रायव्हरकाकांना हळू चालवायला सांगा ना," ती म्हणाली.